चौथ्या कडव्याचा अर्थ

१२ मार्च, मंगळवार

भिंगरे,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी तुझं गाणं. मागच्या खेपेला आशीर्वाद देता देताच कागद संपला होता.

काल दुपारी रेडिओवर लागलं. त्या बाईनं तुझं नाव घेतलं मात्र, मी घरात एकटीच "आली, आली!" म्हणून ओरडले. शेजारीण बादली घेऊन धावत आली, तिला वाटलं नळाला पाणी आलं. म्हटलं, पाणी नाही ग, माझी नात आली. मग ती बादली उलटी करून तिच्यावरच बसली आणि आम्ही दोघींनी ऐकलं.

काय लिहिलंयस ग पोरी! मी दुसरी शिकलेली बाई, तीही निम्मीच. उरलेलं तूच शिकवलंस, लाँड्रीच्या चिठ्ठ्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर, आठवतं? 'क' काढता काढता मला घाम फुटायचा आणि तू मास्तरणीसारखी कान पिळायचीस. पण गाण्याचा अर्थ कळायला शाळा लागत नाही. ज्याच्यावर लिहिलंय ते कधीतरी हातात धरलेलं असावं लागतं. आणि मी एकोणतीस वर्षं चादरी धरल्यात.

हे बघ, माझे अर्थ सांगते. चुकले तर हसू नकोस.

'पांढरी चादर, पांढरी उशी,
कोण झोपलं ठाऊक नाही;
जिनं धुतली तिच्या पाठीला
अंथरायाला एकही नाही.'

हे तर आंधळ्यालाही कळेल. दवाखान्याच्या आणि हॉटेलांच्या चादरी दिवसाला सहाशे धुवायच्या आणि घरी येऊन फाटक्या गोधडीवर पडायचं. पण मला आवडलं ते 'कोण झोपलं ठाऊक नाही'. चादर हातात आली की आम्ही खरंच विचार करायचो, हा मेला असेल का बरा झाला असेल? कुणाला सांगितलं नव्हतं कधी. तुला कसं कळलं?

'चादरीला आकडा आहे,
हरवली तर शोध होतो;
बाईला कुठला आकडा, बाई?
हरवली तर कोण शोधतो?'

इथे शेजारणीनं डोळ्याला हात लावला. आणि तिसरं! बाहेरून जाणारी माणसं आमच्या धुकट खिडकीकडे बघून खरंच म्हणायची हो,

'वाफेत उभ्या बारा जणी,
बाहेरून खिडकी दिसते धुकट;
येणारा जाणारा म्हणतो कसा,
आत केवढी ऊब फुकट!'

मी इतकी हसले की ठसका लागला. मार लागावा आणि हसू यावं, असं लिहिणं सोपं नाही. रडवायला काय, कांदाही रडवतो.

चौथ्याच्या वेळी नेमकं दूध उतू गेलं. त्यामुळे चौथ्याबद्दल मला काही सांगता येत नाही.

तुझ्या बापानं कामावर ऐकलं म्हणे. संध्याकाळी येऊन मुकाट जेवला. मीठ कमी आहे का विचारलं तर म्हणाला, "सगळं बरोबर आहे." तो असं म्हणाला की काहीतरी बिनसलंय समजायचं. रविवारी तुझा फोन आला तर कदाचित घ्यायचा नाही. मनावर घेऊ नकोस. म्हणून तर मी पत्र लिहिते, फोनवर बोलायचं तर हा कान देऊन शेजारीच बसलेला असतो.

तुझी आई असती तर आज गल्लीभर सांगत फिरली असती. तिच्या वाटचं मी फिरले.

आता आशीर्वाद. बघ, कागद पुरला.

तुझी आजी


२१ मार्च, गुरुवार

भिंगरे,

तुझ्या गाण्यानं लाँड्रीत शाळा भरवलीय. मी अजून रोज तुझ्या बापाचा डबा घेऊन जाते. काम सुटून सात वर्षं झाली, पायांना कळत नाही. जेवणाच्या सुट्टीत इस्त्रीचा रोलर बंद झाला की घडीवाली फोनवर गाणं लावते आणि सगळ्या माझ्याकडे बघतात. "आजी, अर्थ सांगा." मी खुर्चीवर, त्या सगळ्या कपड्यांच्या गाठोड्यांवर. एवढा मान मला माझ्या लग्नातसुद्धा नव्हता.

आणि भांडणं काय होतात! डाग काढणारी म्हणते, पहिलं कडवं माझ्यावर आहे, कारण पांढरी करते ती मी. रोलरवाली म्हणते, "जा ग, वाफ कुठंय तुझ्या टाकीत? तिसरं माझ्यावर आहे आणि तिसरंच सगळ्यात भारी." घडीवाली म्हणते, "आकडा कोण वाचतं? मी. मग दुसरं कुणाचं?" शेवटी मी म्हटलं, "बायांनो, गाणं आहे, साबणाची वडी नाही वाटून घ्यायला." पण मनातून मला असं वाटलं ग, की प्रत्येकीला आपलं वाटावं असं लिहायचं म्हणजे केवढं मोठं काम! मोठमोठी माणसं भाषणं करून जातात, आमच्या बाया जांभया देतात. तुझ्या चार ओळींवर जेवण गार झालं.

आता जरा दुसरं लिहिते. लिहू का नको, असं चाललंय.

चौथं कडवं मी ऐकलं. रोज लागतं म्हटल्यावर किती वेळा दूध उतू जाणार?

'चावी कुणाच्या कमरेला होती?
आपल्याच माणसाच्या, परक्याच्या नाही.
बादली ओतून लाज झाकली,
दार मात्र उघडलं नाही.'

चावी म्हणजे संडासाची, हे लाँड्रीत लहान पोरालाही सांगावं लागत नाही. जेवणाआधी एकदा, जेवणानंतर एकदा, पाटीवर नाव लिहून जायचं आणि चावी सुपरवायझरच्या कमरेला. आता सुपरवायझर तुझा बाप. झालं. बायांनी त्याला 'चावीवाला' नाव ठेवलं. तोंडावर नाही, पण तो आला की घडीवाली गुणगुणायला लागते आणि बाकीच्या चादरीत तोंड घालून हसतात. चावी काही त्यानं सुरू केलेली नाही, आधीपासूनचीच आहे. कधी, कुणी, ह्यात आता कशाला शिरायचं.

मी आधी त्याला म्हटलं, "खाई त्याला खवखवे. तू कशाला अंगाला लावून घेतोस?" तर म्हणाला, "चावी माझ्या कमरेला आहे आई, अंगालाच आहे ती." मग भर सुट्टीत सगळ्यांपुढे मला विचारलं, "पण मी कधी कुणावर बादली ओतली? तू सगळ्यांना अर्थ सांगतेस ना, मग ह्या बादलीचा सांग."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. तोंडाला आलं ते बोलले. म्हटलं, "अरे, बादली म्हणजे खरी बादली नव्हे. वर्षाकाठी मालक सगळ्यांना एकेक टॉवेल देतो ना, ती बादली. तोंड पुसा आणि गप्प बसा."

बायांनी टाळ्या वाजवल्या. डाग काढणारी म्हणाली, "आजी म्हणजे आजीच."

आणि तुझ्या बापाचा चेहरा पडला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, ते टॉवेल दरवर्षी तोच वाटतो. रांग लावून, एकेकीच्या हातात, हसून.

आता त्याची खात्रीच पटली की तू त्याच्यावर लिहिलंयस. आज सकाळी त्यानं तुला पत्र टाकलं. काय लिहिलं ते दाखवलं नाही. तू फार मनाला लावून घेऊ नकोस. मी आहे मध्ये.

आजी


२ एप्रिल, मंगळवार

भिंगरे,

तुझं पत्र मिळालं. वीस तारखेला मोठ्या मैदानावर गाणार, हजारो माणसं येणार, हे वाचून मी उभ्याची बसले.

पुढचंही वाचलं. बापानं 'ते कडवं गाणार असलीस तर घरी येऊ नकोस' लिहिलंय. म्हणून तू चौथं काढून तीनच गाणार. 'आजी, तुला काय वाटतं?' असं विचारलंयस.

मला वाटतं, काढ. तीन कडव्यांचं गाणंही पुष्कळ झालं. जेवढं लहान तेवढं लक्षात राहतं. घरात शांतता राहील. बापाचं नाक राहील. चौथं तसंही जरा अवघड आहे, लोकांना बादलीचा अर्थ लागणार नाही.

इथे सगळं ठीक आहे. माझा चष्मा फुटला होता, दोऱ्यानं बांधलाय. शेजारणीची मांजर व्यायली. आणखी काय लिहू?

आजी


७ एप्रिल, रविवार

भिंगरे,

मंगळवारचं पत्र पोचलं असेल तर फाडून टाक. पोचलं नसेल तर पोचल्यावर फाड.

चार दिवस मला घास गोड लागला नाही. शेजारीण म्हणाली, "मांजर व्यालीय का तुम्ही? कुठं कोपऱ्यात जाऊन बसताय?" आता सांगते. सरळ सांगते, नाहीतर मी पुन्हा मांजरांवर जाईन.

दूध उतू गेलं नव्हतं. त्या दिवशी घरात दूधच नव्हतं. चौथं कडवं मी पहिल्याच वेळी, पहिल्या शब्दापासून ऐकलं होतं आणि अर्थ लागायला मला एवढासुद्धा वेळ लागला नव्हता. ती चावी माझी. ती बादली माझी.

तू सात वर्षांची होतीस. तुझी आई जाऊन वर्ष झालं होतं आणि शाळा सुटली की तू लाँड्रीत येऊन गाठोड्यावर बसायचीस. तेव्हा सुपरवायझर हा शब्द नव्हता, मालक मला नुसता म्हणायचा, "तुम्ही जरा बघा हो." तर मी बघायचे. लांबोडी, ती उंच बाई, आठवते ना? ती रोलरवर होती, सातवा महिना लागलेला. तिनं चावी मागितली. तिचं दोन्ही वेळचं जाणं होऊन गेलं होतं. मी म्हटलं, "चादरी संपू दे, मग जा." तिनं पुन्हा मागितली. मी म्हटलं, "कळत नाही का एकदा सांगितलेलं?" तिसऱ्यांदा तिनं मागितली नाही. उभ्या उभ्या झालं तिचं, भर रोलरपुढे, बारा जणींत.

कुणाचं लक्ष जायच्या आत मी खळीच्या पाण्याची बादली उचलली आणि तिच्या पायांवर ओतली आणि मोठ्यानं ओरडले, "मेली बादली सटकली हातातून!" सगळ्या हसल्या. लांबोडीही हसली. मला वाटलं, काय चलाख आहे मी! एका बाईची अब्रू राखली. इतकी वर्षं मी स्वतःला हीच गोष्ट अशीच सांगत आले. कुणाला सांगितली नाही, पण मनात अगदी शाबासकीसकट.

आणि तू गाठोड्यावर बसून पेन्सिल चावत होतीस. मला वाटायचं तू पेन्सिलीकडे बघतेयस.

'दार मात्र उघडलं नाही.' खरंच ग, नाही उघडलं. ओल्या कपड्यांनी तिनं उरलेल्या चादरी केल्या. दुसऱ्या दिवशीही चावी माझ्याच कमरेला होती. एवढं सगळं कळलेल्या बाईनं दुसऱ्या दिवशी तरी कुलूप काढायचं ना? मला ते सुचलंच नाही. मला बादली सुचली.

गुरुवारी मी लांबोडीकडे गेले. ती आता घरीच बसून कपडे रफू करते, खिडकीशी मशीन आहे. मला बघून मशीन थांबवलं.

म्हणाली, "या. मला वाटलंच, गाणं लागायला लागलंय तेव्हा तुम्ही येणार."

"तुला कळलं होतं?"

"मला नाही कळणार तर कुणाला? माझे पाय होते ते."

मी म्हटलं, "माझं चुकलं ग."

तर म्हणते, "त्या दिवशी माझ्या चपला नव्या होत्या. खळीनं कडक झाल्या, लाकडी होड्यांसारख्या. दोन्ही टाचा सोलल्या." आणि हसायला लागली. मीही हसले. मग ती थांबली आणि म्हणाली, "बादलीचा राग नव्हता हो मला. उलट बरंच वाटलं. राग ह्याचा आला की मी तीनदा नाही, दोनदाच मागितली. तिसऱ्यांदा मागायला घाबरले. तुम्हाला! मालकाला नाही. तुम्ही आमच्यातल्याच ना?"

निघताना मी विचारलं, "पोर ते कडवं काढतेय, तुला बरं वाटेल का?" तर कात्री आपटली मशीनवर. "काढतेय? माझ्यावर आजवर कुणी काही लिहिलंय का? माझी मुलगी, तीच ती पोटातली, रोज लावते ते गाणं. तिला मी अजून सांगितलेलं नाही की त्या कडव्यात तीही उभी आहे. काढायचं नाही म्हणावं!"

काल शनिवारी मी डबा घेऊन गेले. जेवणं झाली, घडीवालीनं गाणं लावलं. तुझा बाप उठून जायला लागला. मी म्हटलं, "बस. आज चौथ्याचा अर्थ सांगायचाय."

डाग काढणारी म्हणाली, "सांगितलात की, टॉवेल."

"टॉवेल नाही. टॉवेल मी खोटं सांगितलं."

आणि सगळं सांगितलं. लांबोडीचं नाव नाही घेतलं, ते तिचं तिनं घ्यायचं. बाकी सगळं. रोलरवाली म्हणाली, "आजी, तुम्ही?" त्या दोन शब्दांनी मला जेवढं लागलं तेवढं तुझ्या चार ओळींनी नाही लागलं.

तुझा बाप म्हणाला, "पण नियम तर मालकाचा ना? तू फक्त पाळलास."

इथे मला खोटं बोलता आलं असतं. मालक काही विचारायला येणार नव्हता. पण मी म्हटलं, "नाही रे. मालक एवढंच म्हणाला होता, रोलर थांबू देऊ नका. कुलूप मी आणलं. दोनदाच जायचं हे मी ठरवलं. पाटीही माझीच. मालकाला ठाऊकसुद्धा नसेल."

"सात वर्षं," तो म्हणाला, "सात वर्षं मी ह्या चावीपायी बायांचे टोमणे खाल्ले. मला वाटायचं, वरून आलेला नियम आहे, मी कोण बदलणार?"

"वरूनच आला होता. तेव्हा वर मी होते."

का केलं असं, म्हणून विचारशील. मी सोळा वर्षं त्या चावीविना काम केलं होतं. मालकानं 'तुम्ही बघा' म्हटलं आणि माझ्या हातात काही दिलं नाही. ना कागद, ना खुर्ची. मोठी झाले हे कुणाला दिसणार कसं? म्हणून कुलूप. चालताना चावी वाजायची ना कमरेला, ते मला आवडायचं. हे लिहायला फार लाज वाटते, पण 'आजी, तुला काय वाटतं?' असं तू विचारलं होतंस, म्हणून पूर्ण सांगते.

तुझा बाप उठला. दुरुस्तीच्या पेटीतून पाना आणि पेचकस घेऊन गेला आणि कुलपासकट कोयंडा उखडायला बसला. जुना, गंजलेला, निघता निघेना. घाम गळत होता त्याचा. बाया दाराशी गोळा झाल्या. कोयंडा निघाला तसा त्याच्या अंगात काय आलं कोण जाणे, आतली कडीपण काढायला लागला. डाग काढणारी ओरडली, "अहो साहेब, आतली राहू द्या! एवढा न्याय नकोय आम्हाला!" अशा हसल्या सगळ्या, तोही हसला. सुट्टी संपल्यावर रोलर दहा मिनिटं उशिरा सुरू झाला. काही बिघडलं नाही जगाचं.

घरी येताना तो पुढे चालत होता. गल्लीच्या तोंडाशी थांबून एवढंच म्हणाला, "तिला आधीपासून ठाऊक होतं, आई. तुझं नाव का नाही घातलं तिनं?"

भिंगरे, मीही ह्यावरच विचार करतेय. तू हवं ते लिहू शकली असतीस. राक्षसीण म्हणाली असतीस तरी मला तोंड नव्हतं वर करायला. माझ्याच हातची जेवलीस, माझ्याच कुशीत वाढलीस, म्हणून गप्पही बसता आलं असतं. तू दोन्ही केलं नाहीस. मला गाण्यात घातलंस, पण 'आपल्याच माणसाच्या' म्हणून घातलंस. चूक लपवली नाहीस आणि मला घराबाहेरही काढलं नाहीस. मालकावर गाणं कुणीही लिहील ग. आपल्या माणसावर लिहायचं, आणि तरी ते आपलंच ठेवायचं, हे मी कुणाला करताना बघितलं नाही. तीन कडवी ऐकून मी तुझं कौतुक केलं, ते आजी म्हणून. चौथ्याचं करते ते माणूस म्हणून.

तर ते काढायचं नाही. वीस तारखेला मैदानावर चारही गायचीस, आणि चौथं जरा सावकाश. माझं आहे ते.

पत्र बापाला वाचायला दिलंय. म्हणाला, खाली थोडी जागा ठेव.

आशीर्वाद. आज आधी द्यायला हवे होते.

तुझी आजी


मुली,
कडवं राहू दे. माझं मागचं पत्र विसर.
आम्ही दोघं येतो. कार्यक्रम किती वाजता ते कळव. आजीला दर तासाला जावं लागतं, त्यामुळे आमची जागा बाथरूमजवळची बघ, आणि त्याला कुलूप नाही ना हे आधी विचारून ठेव.
बाबा